चालचलनाचा रकाना

दानेल मास्तर स्वतःच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करत. बाहेरचं कुलूप त्यांनीच काढलेलं असायचं, म्हणजे आत कुणी नाही हे त्यांना ठाऊक असायचं. तरी दोन बोटांनी दोनदा वाजवायचे, जरा थांबायचे आणि मग कडी सरकवायचे. मी समोरच्या खोलीत राहत होते. पहिले काही दिवस मला हसू यायचं. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "रेबेका होती तेव्हाची सवय आहे. ती दचकायची."

रेबेका म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

सोलापूर शहराबाहेर, गिरण्यांच्या धुरांड्यांपलीकडे, तारेच्या कुंपणातली एक वस्ती होती. सरकारनं कायदा करून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्यांची कुटुंबं आणून तिथं ठेवलेली. माणसं दिवसा गिरणीत कामाला जायची, भोंगा झाला की परत यायची आणि सकाळ-संध्याकाळ ओळीत उभी राहून हजेरी द्यायची. बाहेरगावी जायचं तर पास लागे. लोक त्या जागेला नुसतं 'सेटलमेंट' म्हणत. तिथल्या पत्र्याच्या शाळेत मी नगरहून शिक्षिका म्हणून आले, तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि दानेल मास्तर पन्नाशीला टेकले होते. एकोणीसशे तीस साल उजाडायला अजून एखाद-दोन वर्षं असतील. मास्तरांचं नाव खरं दानीएल. वस्तीतल्या लोकांनी त्याचं दानेल केलं आणि मग मास्तर स्वतःही तसंच सांगू लागले.

उंच, वाळलेले, सोलापूरच्या उन्हातही काळा कोट घालणारे. कोटाला एकच बटण होतं. दुपारी ते वर्गाच्या मागच्या पायरीवर बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचे, एकटेच. कुणी बोलावलं तर यायचे, पण अंग चोरून बसायचे, आपण कुणाची तरी जागा अडवलीय असं वाटत असल्यासारखे.

शाळेत त्यांचा एक विचित्र नियम होता. कुठल्याही मुलाला 'चांगला मुलगा' म्हणायचं नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका पोरानं पाढे बिनचूक म्हटले आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास, किती चांगला मुलगा आहे!" मास्तरांनी मला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं.

"बाई, पाढे चांगले म्हटले म्हणा. चांगला मुलगा नका म्हणू."

"का? वाईट आहे का तो?"

"उद्या त्याचे पाढे चुकतील. मग तो वाईट मुलगा होणार. आणि हितं वाईट म्हणायला सरकार बसलंय की."

मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. माणूस जन्मतःच पापी असतो, पहिल्या माणसानं जे केलं ते आपल्या रक्तातून वाहत येतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ऐकून ऐकून त्याला काही वजन उरलं नव्हतं. मास्तर मात्र त्याच्यावर अगदी शब्दशः विश्वास ठेवत. शहरातून पाहुणे शाळा बघायला आले की हमखास कुणीतरी कुजबुजत विचारायचं, "यातले सुधारण्यासारखे कोण वाटतात?" मास्तर वर्गाकडे नीट बघून सांगायचे, "अजून कुणीच नाही. मीही नाही." पाहुणे हसायचे. मास्तर हसत नसत.

त्यांची दुसरी गोष्ट माझ्या अंगावर काटा आणायची. संध्याकाळी हजेरीची घंटा झाली की वस्तीतली माणसं मैदानात ओळीनं उभी राहत, आणि मास्तर काळा कोट घालून त्या ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहत. हजेरी घेणारा जमादार सुरुवातीला चिडायचा. "मास्तर, तुमचं नाव या वहीत नाही." मास्तर म्हणायचे, "असायला पाहिजे होतं. जन्मानं गुन्हेगार ना? मग सरकारनं यादी फार लहान केलीय." पुढं जमादारानं नाद सोडला. सगळी नावं संपली की तो वही मिटायचा आणि मास्तर खाली मान घालून परत यायचे. वस्तीतल्या लोकांना हे आवडायचं असं मात्र नाही. कुणाला ती थट्टा वाटे, कुणाला वेड. शहरातली आमची ख्रिस्ती मंडळी तर उघड म्हणायची, की मास्तरांचा एक स्क्रू ढिला आहे. उपासनेला ते बाकाच्या टोकाला बसत आणि त्यांच्या शेजारची जागा बहुधा रिकामीच राही.

त्या वर्षी वस्ती आणि शाळा चालवायला मिशनचे नवे साहेब आले. हार्पर साहेब. वयानं तरुण, अंगानं लालबुंद आणि मनानं खरोखर चांगले. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते कुणा दुष्टानं केलेलं नव्हतं. साहेब पोरांना खांद्यावर घेऊन फिरत, स्वतःच्या हातानं त्यांची खरूज धूत. माणूस सुधारत सुधारत पूर्ण होऊ शकतो, अगदी निर्दोष, यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी वर्गात एक तक्ता लावला. प्रत्येक मुलाच्या नावापुढं पायऱ्या काढलेल्या. आंघोळ केली, खरं बोललं, प्रार्थना म्हटली की एक पायरी वर.

एकदा तो तक्ता लावताना दोघांचं बोलणं झालं, तेव्हा मी तिथंच खिळे हातात धरून उभी होते. साहेबांचं मराठी पुस्तकी होतं.

"मास्तर, मूल म्हणजे कोरी पाटी होय. आपण तिच्यावर उत्तम अक्षरे लिहू."

"साहेब, पाटी दगडाची असते," मास्तर म्हणाले. "ओरखडे खाणीतूनच घेऊन येते."

"मग आपण यांस शिकविता तरी कशाला?"

"वाचता यावं म्हणून."

"फक्त एवढेच? यांनी उत्तम मनुष्य व्हावे अशी आपली इच्छा नाही?"

मास्तरांनी तक्त्यावरच्या पायऱ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "इच्छा आहे. पण ते पायऱ्या चढून होत नाही. कुणीतरी खाली उतरून उचलून घ्यावं लागतं. ज्याला उचललं त्याला वाटतं, मी काय केलं म्हणून मला उचललं? काहीच केलेलं नसतं. त्यालाच कृपा म्हणायचं ना?"

साहेबांनी मान हलवली. शब्द त्यांच्याही धर्माचे होते, त्यामुळं खोडून काढता येईनात. पण तक्ता लागला.

दर रविवारी उपासना झाली की मास्तर वस्तीतल्या एका अंगणात जाऊन उभे राहत. ते घर गंगीचं. गंगी विधवा, गिरणीत सूत उकलायच्या खात्यात कामाला. तिला सोनी नावाची सात वर्षांची मुलगी, माझ्या वर्गातली. मास्तर कुडाजवळ उभे राहायचे, टोपी हातात घेऊन. गंगी भाकरी थापत असायची, नाहीतर पोरीचे केस विंचरत. ती त्यांच्याकडं बघायची नाही, बोलायची नाही, बस म्हणायची नाही. अर्धा-पाऊण तास ते उन्हात उभे राहायचे आणि निघून यायचे. हे मी दोन-तीनदा पाहिलं आणि मनात नको ती शंका आणली. मग एके दिवशी शाळेत पोरं गेल्यावर मी सरळ विचारलंच. मास्तर फळा पुसत होते. पाठमोरेच बोलले.

"तिच्या नवऱ्याला मी मारलं, बाई."

शहरातल्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या विधीचा एक चांदीचा प्याला होता. मास्तर तेव्हा देवळाची देखरेख करत. रेबेका नुकती गेली होती, त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका रविवारी प्याला सापडेना. गंगीचा नवरा भिमा पास घेऊन शहरात आला होता आणि देवळाच्या भिंतीच्या सावलीत बसलेला कुणीतरी पाहिला होता. पोलिसांनी मास्तरांना विचारलं, हा माणूस आत शिरताना दिसला का?

"मी त्याला पाहिलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "पण तो त्या जमातीचा होता. मला वाटलं, शिरलाच असणार. मी हो म्हणालो. एक शब्द, बाई. हो."

भिमा तुरुंगात गेला आणि तिथं तापानं मेला. सोनी तेव्हा पोटात होती. पुढं नाताळच्या साफसफाईत मास्तरांनी रेबेकाची ट्रंक उघडली, तर तिच्या लुगड्यात गुंडाळलेला प्याला निघाला. घासायला म्हणून त्यांनीच घरी आणला होता, त्यांनीच ठेवला होता आणि विसरले होते.

"मी उपासनेत उभा राहून सगळ्यांना सांगितलं. मंडळी म्हणाली, देव क्षमा करतो, आता ते मनातून काढा. किती लवकर म्हणाली! मग मी ठाण्यावर गेलो. फौजदार म्हणाला, मेला ना तो? मग कशाला उकरता? यात नसेल तर दुसऱ्या कशात असेल. जन्माचा चोर." मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. "तो भिमाबद्दल बोलत होता. मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतोय. जन्मपाप म्हणजे काय ते मी वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत होतो. त्या दिवशी मला ते माझ्या तोंडात सापडलं."

त्यानंतर त्यांनी या शाळेत बदली मागून घेतली. पहिल्याच दिवशी गंगीच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. तिनं हातातला पाण्याचा तांब्या त्यांच्या अंगावर रिकामा केला आणि आत गेली. तेव्हापासून दर रविवारी ते तिथं उभे राहत.

"क्षमा मागायला?" मी विचारलं.

"नाही. मागून काय मिळतं? तिला मला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर मला शोधत फिरावं लागू नये म्हणून."

उन्हाळा सुरू झाला आणि साहेबांची मोठी योजना आली. वस्तीच्या पलीकडं मुलांसाठी वेगळं बोर्डिंग बांधून तयार होतं. ज्या मुलांचे आईबाप सुधारण्यासारखे नाहीत, ती मुलं त्यांच्यापासून काढून तिथं ठेवायची आणि महिन्यातून एकदा भेट घडवायची. कोणती मुलं, ते शाळेनं ठरवायचं. एक छापील यादी आली. मुलाचं नाव, आईबापाचं नाव आणि शेवटचा रकाना: आईबापाचं चालचलन. त्यात 'बरं' किंवा 'वाईट' लिहून द्यायचं. एक्केचाळीस नावं होती. गंगीचं नावही होतं. आजारी बहिणीला बघायला ती पास नसताना बार्शीला जाऊन आली होती.

मास्तरांनी यादी चार दिवस ठेवून घेतली. पाचव्या दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवली. मी माझ्या वर्गाच्या पाट्यांची मागणी घेऊन गेले होते, म्हणून मला दिसली. पहिल्या नावापुढं, त्यांच्या वळणदार अक्षरात, लिहिलं होतं: माझ्यासारखंच. दुसऱ्यापुढं: माझ्यासारखंच. एक्केचाळीस वेळा. कुठं खाडाखोड नाही, कुठं 'वरीलप्रमाणे' म्हणून खुणा नाहीत. प्रत्येकापुढं पूर्ण शब्द.

साहेबांचा चेहरा आणखी लाल झाला. "ही थट्टा आहे काय, मास्तर?"

"नाही, साहेब."

"या लोकांनी चोऱ्या केल्या आहेत. आपण काय केले आहे?"

"मी खोटी साक्ष दिली. एक माणूस मेला. कुणी मला पास मागितला नाही." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "ज्या मुलांना वाईट माणसांपासून दूर ठेवायचंय, त्यांना आधी माझ्यापासून ठेवा. मी रोज पाच तास त्यांच्यात असतो."

साहेबांना वाईट वाटलं, हे मी पाहिलं. ते उठून खिडकीशी गेले. "मी या बालकांवर प्रेम करतो," ते म्हणाले.

"माहीत आहे, साहेब. त्यांच्या आयाही करतात."

दोन दिवसांनी मास्तरांच्या हातात पत्र पडलं. महिनाअखेर शाळा सोडायची. दक्षिणेकडं, अक्कलकोटच्या बाजूला, एका खेड्यात ख्रिस्ती झालेली पाच-सहा घरं होती. तिथं उपदेशक म्हणून जायचं.

आणि यादीची कोरी प्रत माझ्याकडं आली.

हे लिहिताना हात थांबतो. मी विधवा आईची मुलगी होते, नोकरी नवी होती. पण ही कारणं मी नंतर शोधली. त्या दिवशी मी काही शोधलं नाही, खाली बसून यादी भरली. एक्केचाळीस नावांपैकी सतरांपुढं 'वाईट' लिहिलं. कुणाचा बाप दारू प्यायचा, कुणाची आई मला उलट बोलली होती. गंगीपुढं 'बरं' लिहिलं. माझं शौर्य एवढंच. त्या आठवड्यात सतरा मुलं बोर्डिंगात गेली. त्यांच्या आया कुंपणाला धरून जे ओरडल्या, ते शाळेत ऐकू येत होतं, आणि मी मुलांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावले.

मी मास्तरांना स्वतः जाऊन सांगितलं. वाटलं होतं, बोलतील. ते म्हणाले, "मी बावीस वर्षांचा असतो तर मीही भरली असती." थोड्या वेळानं म्हणाले, "सतरा?" मी हो म्हटलं. ते मान खाली घालून बसले. मी वाट पाहिली, पण त्यांनी 'देव क्षमा करतो' असं म्हटलं नाही. म्हणाले नाहीत ते बरं झालं. मी ते लगेच खरं मानलं असतं.

त्यांच्या शेवटच्या रविवारी त्यांनी मला विचारलं, "बाई, येता का? जातोय हे गंगीला सांगायचंय. मला एकट्याला सुचायचं नाही."

आम्ही गेलो. ऊन असं होतं की कुंपणाची तार हाताला चटका देत होती. मास्तर नेहमीच्या जागी उभे राहिले. गंगी शेंगा फोडत बसली होती, सोनी शेजारी. मास्तर म्हणाले, "गंगाबाई, माझी बदली झाली. उद्या जातो."

गंगी शेंगा फोडत राहिली. मग आत गेली. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली ती एक गोणपाट घेऊन. कुडाच्या सावलीत तिनं ते अंथरलं.

"बसा की," ती म्हणाली.

सात वर्षांत तिनं त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द. मास्तर बसेनात. "त्या कागदाचं तुला कुणी सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"कसला कागद?"

मास्तर माझ्याकडं बघायला लागले. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. यादी, एक्केचाळीस नावं, साहेबांच्या खोलीतलं बोलणं, काहीच नाही. वस्तीतल्या बायांना एवढंच कळलं होतं की सतरा पोरं नेली आणि सोनी राहिली. का राहिली, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"मग बस का म्हणालीस?"

गंगीला तो प्रश्नच कळला नाही. तिनं पदरानं कपाळ पुसलं. "ऊन लई हाय," ती म्हणाली. "म्या काय माफ-बिफ केलं न्हाय तुमास्नी. त्ये मला व्हयाचं न्हाय. माझा मानूस गेला. पर ऊन लई हाय. बसा."

मास्तर बसले. पाय दुमडून, कोट सावरून, लहान मूल पंक्तीला बसतं तसे. गंगीनं मूठभर शेंगा त्यांच्यापुढं ठेवल्या आणि तांब्या. मास्तरांनी एकही शेंग फोडली नाही. ते नुसते त्या शेंगांकडं बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालांवरून कोटावर पडत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. सोनी टक लावून बघत होती. "आये, मास्तर रडतुया," ती म्हणाली. "रडू दे," गंगी म्हणाली, आणि पुढची शेंग फोडली.

परतताना वाटेत ते एकदाच बोलले. "मला वाटलं, कागदाचं कळलं असेल. म्हणून असेल." जरा चालून पुन्हा म्हणाले, "बघा बाई, अजून मी हिशेबच बघत होतो."

दुसऱ्या दिवशी ते गेले. निरोप द्यायला मंडळीतलं कुणी आलं नाही. ट्रंक आणि वळकटी बैलगाडीत टाकून ते गाडीबरोबर चालत निघाले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मधे पाच-सहा वर्षं गेली असतील. तोपर्यंत मी शहरातल्या मुलींच्या शाळेत आले होते. हार्पर साहेब मायदेशी परतले होते. बोर्डिंगातली दोन मुलं शिकून बऱ्या नोकरीला लागली, तीन पळून गेली, एक मेलं. बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही. मी विचारलंच नाही कधी.

एका रविवारी मी कामानं अक्कलकोटकडं सर्व्हिस मोटारीनं निघाले होते. वाटेत एका खेड्याशी मोटार थांबली. पाणी तापलं होतं, ड्रायव्हर बादली घेऊन विहिरीकडं गेला. रस्त्यालगत मातीच्या भिंतींची एक लांबट खोली होती, वर लाकडी क्रूस. मी शेजारच्या बाईला विचारलं, इथं ख्रिस्ती घरं आहेत का? ती अर्धं कानडीत, अर्धं मराठीत म्हणाली, "होती की. गेली समदी गिरणीत कामाला. म्हातारा एकटाच हाय."

तेवढ्यात घंटा वाजली. दारात दानेल मास्तर आले. केस पांढरे झालेले, अंगात तोच कोट किंवा तसलाच दुसरा. डोळ्यांवर हात धरून त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मोटारीकडंही पाहिलं. मी ओरडणार होते. माझा हात खिडकीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. काय सांगणार होते मी त्यांना? ते म्हणाले असते, "सतरा जण कसे आहेत, बाई?"

ते आत गेले. दार उघडंच ठेवलं. उपासना सुरू झाली. मोटारीचं यंत्र बंद होतं, त्यामुळं गीत स्पष्ट ऐकू येत होतं; आवाज चिरका, पण सुरात. आमची गीतं पुढच्यानं एक ओळ म्हणायची आणि मंडळीनं ती मागून म्हणायची, अशी असतात. मास्तर एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. मंडळीला जेवढा वेळ लागला असता, तेवढा सगळा वेळ ते त्या रिकाम्या खोलीत गप्प राहायचे. मग पुढची ओळ म्हणायचे आणि पुन्हा थांबायचे.

ड्रायव्हर बादली घेऊन परत आला. त्यानं झाकण उघडून पाणी ओतलं, वाफ निघाली. मी खिडकीशी बसून होते. मास्तर थांबले होते.

ती ओळ मला पाठ होती.